दुसरा त

दिवाळीच्या सुमारास आमचा कॉम्प्युटर टक् टक् असा आवाज करायला लागला. पाल असेल म्हणून मी दोन दिवस भिंतीवर शोधत होतो. तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने कॅबिनेटला कान लावला, अतिदक्षता विभागातून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणाला, "काका, हार्ड डिस्क चाललीय. आधी डेटा घेऊन ठेवा."

"किती दिवस आहेत?"

"सांगता येत नाही. आज बंद केली तर उद्या चालू होईलच असं नाही."

फक्त 'जवळच्या माणसांना कळवा' एवढंच म्हणायचं त्याने बाकी ठेवलं.

त्याच संध्याकाळी एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली. जोडून बघतो तर कॉम्प्युटर जागा दाखवतोय 931 जीबी. मी बिल शोधायला उठलो, तेवढ्यात मुलीने थांबवलं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या, म्हणून आकडा कमी दिसतो. कुणी फसवलेलं नाही, म्हणे. आमच्या वाण्याने किलोला 931 ग्रॅम साखर दिली असती, तर त्याला हा खुलासा करून सुटता आलं नसतं.

साडेसहाशे जीबी निवडले, कॉपी म्हटलं, पेस्ट म्हटलं. हिरवी पट्टी सरकू लागली. शिल्लक वेळ: 6 तास. मग 11 मिनिटं. मग 2 दिवस. सत्यनारायणाच्या भटजींना 'किती वेळ लागेल' विचारावं आणि त्यांनी आधी यजमानाकडे, मग घड्याळाकडे, मग स्वयंपाकघरातून येणाऱ्या शिऱ्याच्या वासाकडे बघून दर वेळी नवं उत्तर द्यावं, तसं चाललं होतं. तासाभराने मुलगी पाणी प्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "बाबा, तू पुढच्या काळ्या पोर्टला लावलीयस. मागे निळं आहे ना, ते फास्ट आहे." म्हणजे काढा आणि पुन्हा पहिल्यापासून. टेबलाखाली शिरून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून, निळं पोर्ट सापडलं. वेग सेकंदाला 30 एमबीवरून 100 वर गेला. मी चहा टाकायला सांगितला.

चहा येईपर्यंत वेग एक एमबीच्याही खाली. आता फोटोंचा फोल्डर लागला होता. मोठा व्हिडिओ म्हणजे एकच भरलेला ट्रक, फाटक उघडलं की आत. फोटोंचं तसं नसतं. त्या प्रत्येकाचं नाव लिहा, जागा दाखवा, अत्तर लावा, मग पुढचा. आणि आमच्याकडे तर एका बारशाचेच चारशे फोटो, त्यातल्या तीनशेंत बाळ झोपलेलं.

रात्री साडेअकराला पट्टी निम्म्यावर आली, तेव्हा मी झोपलो. सकाळी उठून बघतो तर निम्म्यावरच. मध्ये एक चौकट उघडून कॉम्प्युटर रात्रभर माझ्या उत्तराची वाट बघत बसला होता. तक्रार अशी, की एका फाइलचा पत्ता फार लांब झालाय.

हा पत्ता लांब का झाला, ती आमच्या घराण्याची कथा आहे. 2007 चा पहिला कॉम्प्युटर गेला तेव्हा त्यातलं सगळं उचलून 2012 च्या कॉम्प्युटरमध्ये 'जुना कॉम्प्युटर' या फोल्डरात टाकलं. 2017 ला तोही गेला, तेव्हा हे सगळं नव्यात, पुन्हा 'जुना कॉम्प्युटर' म्हणूनच. डब्यात डबा, त्या डब्यात आणखी एक डबा, आणि तळाशी काय, तर बायकोच्या शाळेतली फाइल: 'नववी शुद्धलेखन सराव चाचणी अंतिम सुधारित नक्की'. बायको मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. पण तो फक्त शाळेपुरता प्रश्न आहे.

विंडोजला ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत सगळा पत्ता 260 अक्षरांच्या आत लागतो. जुन्या डिस्कवर तो जेमतेम बसत होता. नव्या डिस्कवर मी हौसेने वर एक फोल्डर केला होता, 'महत्त्वाचे', आणि तिथे गाडी अडली.

"चार तर अक्षरं आहेत," मी म्हटलं.

"दहा आहेत," मुलगी म्हणाली. "कॉम्प्युटर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतो." आणि तिने बोटांवर मोजून दाखवलं: म, ह, त, हलन्त, त, हलन्त, व, काना, च, मात्रा. आयुष्यभर जोडाक्षर हे एकच अक्षर समजून चाललो, आणि इथे एकट्या 'त्त्वा'चे सहा रुपये लागत होते.

"किती जास्त होतायत?"

"दोन."

आम्ही दोघांनी एकाच वेळी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कुकरची शिट्टी होत होती. मी आवाज न करता फोल्डरचं नाव 'महत्वाचे' केलं. एक त गेला, त्याच्याबरोबर एक हलन्त गेला, आणि शुद्धलेखनाची चाचणी निमूटपणे आत शिरली.

पुढे गुरुवार आला. गुरुवारी आमच्या भागात वीज जाते, तशी ती गेली, आणि यूपीएसची बॅटरी चार वेळा ओरडून बसली. दुरुस्तीवाल्याचे शब्द आठवून मी दोन तास अंधारात देवाचं नाव घेत होतो. पण वीज आल्यावर म्हातारी डिस्क टक् टक् करत उठली. शुक्रवारी दुपारी बॅकअप पुरा झाला.

मी कौतुकाने बायकोला बोलावलं. तिने चष्मा लावला. साडेसहाशे जीबींपैकी तिला एकच गोष्ट दिसली.

"हे कुणी लिहिलंय?"

"जागा कमी पडत होती," मी म्हटलं.

"महत् अधिक त्व. जागा कमी पडली म्हणून उद्या बायकोतला य काढाल." तिने माउस घेतला आणि नाव दुरुस्त केलं. कॉम्प्युटरने एका शब्दाने हरकत घेतली नाही. मग 'बघू तरी' म्हणून ती डबे उघडत तळाशी गेली आणि आपल्या चाचणीवर दोनदा टिचकी मारली. एकदा. पुन्हा एकदा.

"अहो, ही उघडत का नाही?"

"आई, एक त काढ, उघडेल," मुलगी आतून ओरडली.

"अजिबात नाही."

त्यामुळे जुनी डिस्क अजून टाकलेली नाही. मी फेकायला निघालो होतो, तर बायकोने ती मऊ पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवली, तिच्या पैठणीशेजारी. दुसरा त न गमावता चाचणी उघडेल असं तेवढं एकच ठिकाण घरात उरलंय.