रस्ता जो फोडतो, त्याच्याकडूनच पैसे घ्या

सोनपेठ, गंगाखेड, पाथरी, पलीकडं माजलगाव, गेवराई. गोदाकाठच्या या पट्ट्यात नवा डांबरी रस्ता दोन पावसाळे काढत नाही आणि आपण सगळे मिळून गुत्तेदाराला शिव्या देतो. गुत्तेदार साव आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या रस्त्यावरून रोज रात्री किती वजन जातं, हे आपण कधी विचारत नाही.

साधा हिशोब करा. दहा टायरी हायवाचं, म्हणजे वाळू-खडी वाहणाऱ्या टिपरचं, मालासकट एकूण वजन कायद्यानं २८.५ टनांपेक्षा जास्त चालत नाही. रिकामी गाडीच अकरा-बारा टनांची. म्हणजे मालाला उरले सोळा-सतरा टन. वाळूचा एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, साधारण साडेचार टन भरतो, ओली असेल तर जास्तच. म्हणजे चार ब्राससुद्धा बसत नाहीत. आणि आपल्याकडं सहा ब्रासची खेप उघड विकली जाते! ती गाडी एकोणचाळीस टनांवर गेली.

वजन एक तृतीयांशाहून जास्त वाढलं, म्हणून झीजही तेवढीच वाढते असं नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवून पाहिले होते. त्यातून निघालेलं सूत्र आजही धरतात: रस्त्याची झीज एका धुऱ्यावरच्या (एक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. वजन दुप्पट, तर झीज सोळा पट. या हिशोबानं आपली सहा ब्रासची गाडी नियमातल्या गाडीच्या जवळपास साडेतीन पट रस्ता खाते. मोटारसायकलनं रस्त्याचं काहीच बिघडत नाही, पण पेट्रोलमागं रस्त्याचा उपकर तिचा मालकही भरतो.

त्यात खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गावचे रस्ते हलक्या वाहतुकीसाठी आखलेले, थर पातळ. एकदा डांबर चिरलं की पाणी आत गेलं, आणि पुढच्या जड गाडीखाली खड्डा ठरलेलाच. २०१८ साली केंद्रानं चार टायरच्या धुऱ्याची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. तेवढ्यानंच झीज दीडपटीच्या वर जाते. आपले जुने रस्ते मात्र होते तेवढ्याच जाडीचे राहिले.

मग पैसे कुणी भरायचे? माझं स्पष्ट मत आहे, माल भरून देणाऱ्यानं. ड्रायव्हरनं नाही. तो खेपेवर जगतो, गाडीत किती भरायचं हे तो ठरवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड सांगतं, आणि तो चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे. तरी रस्त्यावर सापडतो तो ड्रायव्हरच. शिवाय दंड सरकारी तिजोरीत जातो. फुटलेला रस्ता जिल्हा परिषदेचा, आणि तिच्याकडं दुरुस्तीला पैसा नाही.

म्हणून वाळूघाट, खडी क्रशर, कारखाना, जिथं माल भरला किंवा उतरवला जातो तिथंच वजनकाट्याच्या पावतीवर टनामागं रस्ता आकार घ्यावा आणि तो त्याच रस्त्याच्या खात्यात जमा व्हावा. कारखान्यावर तर उसाची प्रत्येक गाडी काट्यावर चढतेच, नवीन काही उभारायचं नाही. पण उसाच्या बाबतीत एक धोका आहे. तोडणी-वाहतूक शेतकऱ्याच्याच बिलातून कापतात, तसाच हा आकारही त्याच्याच माथी मारतील. तसं होता कामा नये. आकार कारखान्याच्या खर्चात धरला पाहिजे.

वाळू महागेल, घर बांधणाऱ्यानं काय करायचं, असं विचारणारे भेटतील. थोडी महागेल, मान्य आहे. पण आज ती किंमत भरतं कोण? बाळंतपणाला तालुक्याला नेताना जीपमध्ये हिसके खाणारी बाई भरते. रस्ता खराब म्हणून एसटी बंद झाली की कॉलेज सुटलेल्या पोरी भरतात. त्यांनी तर एक पाटी वाळूही घेतलेली नसते.

मोटार वाहन कायद्याच्याच कलम ११५ खाली रस्त्याची किंवा पुलाची ताकद बघून जड वाहनांना बंदी घालता येते. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत मी तसा ठराव मांडणार आहे: ठरावीक वजनावरची गाडी गावच्या रस्त्यावर नको, आणि फाट्यावर तसा फलक लावा. कुणाच्या ग्रामपंचायतीनं असा ठराव करून जिल्हाधिकारी कार्यालयाकडं पाठवला असेल, तर त्याची प्रत मला मेसेंजरवर पाठवा. शेजारच्या गावांनीही याच महिन्यात ठराव घेतले, तर सगळे एकत्रच घेऊन परभणीला जाऊ.