तुमचीच पहिली तक्रार

घाटात गाडी तापली म्हणून थेट सरकारकडे तक्रार करायला निघालात? थांबा जरा. आधी बोनेट थंड होऊ द्या, मग डोकं. तापल्या डोक्याने माणूस फॉर्म भरतो, आणि फॉर्म भरला की तो मोजला जातो. या देशात मोजलं जाण्यासारखी वाईट सवय नाही.

सुरुवात सर्व्हिस सेंटरपासून करा. काउंटरवरचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण ॲडव्हायझर तुमचं सगळं ऐकून घेईल, मान डोलवेल आणि म्हणेल, ''सर, या मॉडेलमध्ये ही तुमचीच पहिली तक्रार आहे.'' हे ऐकून रागावू नका. फुशारून जा. लाखभर गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यातून दैवाने नेमकी तुमची निवडली. मला हा मान एकाच गाडीसाठी चार वेळा मिळाला, आणि चौथ्या वेळीही माझी तक्रार पहिलीच होती.

मग तो जॉब कार्ड काढेल. ''चढावर इंजिन तापतं, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं'' असं तुम्ही सांगाल आणि तो लिहील, ''जनरल चेकअप''. लिहू द्या. 'माझे शब्द लिहा' असा हट्ट धरणारी माणसं पुढे कागद जपून ठेवतात, फाइल करतात आणि घरच्यांच्या नजरेतून उतरतात. परत मिळालेल्या बिलावर ''तपासले, ठीक'' असेल. कॉम्प्युटरला गाडी लावली, एकही फॉल्ट कोड आला नाही. म्हणजे दोष गाडीत नाही, तुमच्या स्वभावात आहे.

माझं उदाहरण देतो, कंपनीचं नाव विचारू नका. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी हातभर रुंद ओला डाग दिसायचा. ''एसीचं पाणी असेल, सर.'' आता एसीचं पाणी रंगहीन असतं, हा डाग गुलाबी होता, माझ्या कुलंटच्या रंगाचा. बोट लावून पाहिलं तर चिकट, आणि वास गोडसर, पाकासारखा. वाकून बॅटरी मारली तेव्हा रेडिएटरच्या वरच्या होज पाइपच्या जोडावर गुलाबी खरपुडी धरलेली दिसली, बरणीच्या झाकणाला मोरंब्याचा पाक सुकून बसतो तशी. मी फोटो काढला. ही चूक तुम्ही करू नका. फोटोला तारीख असते.

त्यांनी आधी रेडिएटरची कॅप बदलली. मग थर्मोस्टॅट. मग फॅनचा रिले. प्रत्येक वेळी कुलंट टॉप-अप फुकट, 'गुडविल' म्हणून. जुना पार्ट मागितला तर ''तो कंपनीकडे जातो, सर''. तुम्हीही मागू नका. जुन्या पार्टला गेलेली केसाएवढी चीर हातात घेऊन बघितली, तर उगाच प्रश्न पडतात.

आता त्या सरकारी भानगडीचं सांगतो, म्हणजे तिच्यापासून लांब राहता येईल. २०१२ पासून कंपन्या सदोष गाड्या दुरुस्तीसाठी आपखुशीने परत बोलावत होत्या, याला 'रिकॉल' म्हणतात. आपखुशी किती असते, ते आपण सोसायटीच्या श्रमदानात पाहतोच. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घातलं गेलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली असेल आणि दोषामुळे रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असेल, तर मालकाला परिवहन खात्याच्या रिकॉल पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ठरावीक संख्येने मालक बोलले की सरकारने कंपनीला विचारायचं, गरज पडली तर तपासणी संस्थेकडे पाठवायचं आणि दोष ठरला तर गाड्या परत बोलवायला लावायच्या. सक्तीने बोलवायला लागल्या तर दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत.

ठरावीक संख्या म्हणजे किती? वर्षाला पाचशेपर्यंत खप असलेल्या मोटारीसाठी शंभर किंवा वीस टक्के, आणि दहा हजारांच्या वर खपणाऱ्या मोटारीसाठी १,०५० ते १,२५०. म्हणजे वर्षाला लाखभर गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या झोपेला धक्का लावायचा तर साडेबाराशे माणसं पुरतात. आपल्याकडे एका मंगल कार्यालयात एवढी माणसं जेवून जातात. त्यातल्या प्रत्येकाने दहा मिनिटं काढून फॉर्म भरला तर काय अनर्थ होईल, विचार करा! म्हणून तर प्रत्येकाला 'तुमचीच पहिली' असं सांगावं लागतं. एक अधिक एक बरोबर एक, हे गणित सर्व्हिस सेंटरमध्ये फार वर्षांपासून चालत आलंय.

शिवाय कुलिंग हा काय सुरक्षेचा विषय आहे? ब्रेक, एअरबॅग हे विषय. गाडी तापणं ही गैरसोय. आता चढावर मागे ट्रक असताना इंजिन आवळून जाम झालं, आणि इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच उरला, किंवा फुटक्या होजमधून कुलंट तापल्या एक्झॉस्टवर उडून पेटलं, तर तो योगायोग. योगायोगाला फॉर्ममध्ये रकाना नसतो. (असतो. 'दोषाचे वर्णन' म्हणतात त्याला. पण तुम्ही कुठे भरणार आहात?)

तापमानाच्या काट्यावर तर डोळे मिटून विश्वास ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच असा बसवलेला असतो की आत बरीच उलथापालथ झाली तरी हा आपला मधोमध, शांत. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. नव्या गाड्यांनी तोही काढून टाकला, थंड असताना निळा दिवा आणि कडेलोटाला लाल. मधल्या प्रवासाची माहिती तुम्हाला कशाला हवी?

तरीही हात शिवशिवत असतील तर आपल्या मॉडेलच्या ओनर्स ग्रुपवर लिहा. तिथे बाराशे जण आहेत, आकडा ओळखीचा वाटेल. पहिला विचारेल, ''कुलंट कुठलं टाकता?'' दुसरा लिहील, ''माझी ऐंशी हजार किलोमीटर झाली, माखन चालते.'' तिसरा खासगीत कळवेल की त्याचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालचं पॅकिंग) दोनदा उडालं, पण ग्रुपवर बोलू नका. आणि मग ॲडमिन येईल हात जोडून: ''असं जाहीर लिहिलंत तर आपल्या सगळ्यांची रिसेल व्हॅल्यू पडेल.'' पटलं ना? सदोष गाडी आपण वापरण्यापेक्षा चांगल्या भावात दुसऱ्याच्या गळ्यात मारणं केव्हाही संस्कारी. घेणारा तोच घाट चढणार आहे, पण ती त्याची पहिली तक्रार असेल.

कोणी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन सुचवेल. कोणी गाडीचा नंबर, चेसिस नंबर, किलोमीटर, तारखा आणि बिलं एका जागी ठेवायला सांगेल. अशा माणसांना मुलगी देऊ नये.

त्यापेक्षा पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवा. चढ लागला की एसी बंद करून हीटर चालू करा. इंजिनाची थोडी उष्णता आत येते, मे महिन्यात कुटुंब एकत्र घामाघूम होतं आणि संवाद वाढतो. रेडिएटरची कॅप मात्र गरम असताना उघडू नका. हे उपरोधाने सांगत नाही, हाताची कातडी जाते.

गेल्या महिन्यात साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी चढताना लाल दिवा लागला आणि गाडी कडेला घेतली. पुढे वीस पावलांवर आणखी एक गाडी बोनेट उघडून उभी. तेच मॉडेल, रंगही तोच. तिचा मालक फूटपंप मारून दमल्यासारखा कॅनवर बसला होता. मी माझ्या कॅनमधलं पाणी त्याला दिलं, त्याने त्याचा पाना मला दिला. त्याच्या बोनेटखाली डोकं घातलं तर वरच्या होजच्या जोडावर तीच गुलाबी खरपुडी.

''सर्व्हिस सेंटरला दाखवलीत?'' मी विचारलं.

''तीनदा,'' तो म्हणाला, ''पण काय आहे दादा, माझीच पहिली तक्रार आहे म्हणे.''