डीएनए किट मागवण्याआधी आत्याला फोन करा

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून डीएनए किटची हौस आता आपल्या घरांतही शिरली आहे. नळीत लाळ द्यायची, पाकीट पाठवायचं, आणि आपण कुठले किती टक्के हे मोबाइलवर बघायचं. त्या टक्क्यांवर माझा राग नाही. कंपनीकडे तुलनेला कुणाचे नमुने आहेत त्यावर ते ठरतात, सख्ख्या भावंडांचेही वेगळे येतात. हौस म्हणून ठीक.

मला काळजी वाटते ती आरोग्याच्या अहवालाची. २०१८ मध्ये औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या किट विकणाऱ्या कंपनीला बीआरसीए जनुकांची चाचणी थेट ग्राहकांना द्यायची परवानगी दिली. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंध असलेली ही जनुकं. त्या चाचणीत जनुकांतले बदल तपासायचे फक्त ३, आणि तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंमध्ये आढळणारे! या जनुकांतले घातक बदल हजारांवर आहेत. २०२३ मध्ये यादी ४४ वर गेली, तरी सांगलीच्या किंवा अमेरिकेतल्या एडिसनच्या मराठी मुलीला ‘काही आढळलं नाही’ असं कळलं, तर तिने निर्धास्त होऊ नये.

जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारा तज्ज्ञ, आधी तीन पिढ्यांची माहिती विचारतो: कोणाला काय झालं, कितव्या वर्षी. इथे आपली घरं गप्प होतात. आपल्या वंशावळीत बापाचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं, लेकीबाळी नाहीतच. आणि जनुकातला असा घातक बदल वडिलांकडूनही येतो; त्यांच्यात तो असेल तर आईकडून येण्याइतक्याच शक्यतेने, ५० टक्के. वडील स्वतः बहुधा ठणठणीत असतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. मावशीचा कॅन्सर डॉक्टरांना आपण आठवणीने सांगतो, आत्याचा सांगत नाही. ती लग्न होऊन गेली, आडनाव बदललं, ‘तिच्या सासरचा प्रश्न’ झाला. वडिलांची आई तर ‘पोटाच्या दुखण्याने’ गेलेली असते. ते दुखणं अंडाशयाचं होतं का, हे घरातल्या एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असतं, आणि पोरींची लग्नं अडतील म्हणून ती बोलत नाही. या गप्प बसण्याने बायका मरतात. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

शिवाय नळीत लाळ तुमची, पण माहिती सगळ्या कुळाची. २०२३ मध्ये याच कंपनीची सुमारे १४ हजार खाती फोडून चोर ‘नातेवाईक शोधा’ या सोयीतून जवळपास ६९ लाख लोकांच्या माहितीपर्यंत पोचले. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भावंडांना न विचारता किट पाठवू नका.

घरात कुणाला कमी वयात स्तनाचा, किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर किटवर पैसे घालू नका, काउन्सेलर गाठा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. शक्य असेल तर आजारी पडलेल्या व्यक्तीची तपासणी आधी होते, त्यात ही जनुकं पूर्ण वाचतात. तिच्यात बदल सापडला की बाकीच्यांना नेमका तोच शोधता येतो. म्हणून आत्या हयात आहे तोवर तिला विचारा, आणि तिच्या मुलींनाही त्या बोलण्यात घ्या.