ॲसिटिलकोलिन कानात काय करते: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्यातील गरब्याच्या गोंगाटाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ऐकणे ही विद्युत्क्रिया असताना मी तिच्यात रसायने विनाकारण आणली, हा पहिला. आणि ॲसिटिलकोलिनमुळे (चेतातंतूंच्या टोकांतून सुटणारे एक संदेशवाहक रसायन) स्नायू आकुंचन पावतो हे शाळेतच शिकवले जात असताना ते कानातील पेशीला शांत करते असे लिहिणे उलटे आहे, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देते. आवाजाने केसपेशीचे (आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या पेशीचे) केसांसारखे तंतू झुकले की पोटॅशियम आत शिरते, त्यामुळे पेशीच्या तळाशी कॅल्शियमची द्वारे उघडतात आणि ग्लुटामेट बाहेर पडून शेजारच्या चेतातंतूला चेतवते. मधली फट ओलांडते ते हे रसायनच. ऑटोफर्लिन हे प्रथिन जन्मतः सदोष असेल, तर केसपेशी शाबूत असूनही मूल बहिरे असते, कारण ग्लुटामेट नीट सुटतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. स्नायूविषयी आपले म्हणणे बरोबरच आहे. पण शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून ज्या द्रव्याने ठोके मंदावतात असे दाखवले, ते पुढे ॲसिटिलकोलिनच ठरले. म्हणजे परिणाम ठरतो तो ते स्वीकारणाऱ्या पेशीच्या रचनेवरून. कानात मेंदूकडून उलट दिशेने येणारे काही तंतू (रासमुसेन यांनी १९४६ मध्ये त्यांचे वर्णन केले) बाह्य केसपेशींवर ॲसिटिलकोलिन सोडतात. तेथील ग्राही (पेशीवरचे, रसायन स्वीकारणारे प्रथिन) स्नायूतल्या ग्राहीच्याच कुळातला आहे, आणि मला तर हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: त्यातून कॅल्शियम आत येते, म्हणजे सुरुवात चेतवण्याचीच होते, पण ते कॅल्शियम लगतची पोटॅशियमची द्वारे उघडते, पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी शांत होते. बाह्य केसपेशी आवाजाचे वर्धन करतात. ते वर्धन त्यामुळे कमी होते.

मात्र ‘ॲसिटिलकोलिन हे शांत करणारे रसायन आहे’ असे सरसकट वाक्य मी लिहिले होते, ते चूकच होते. आपल्यामुळे ते लक्षात आले. मूळ लेखात आता ‘बाह्य केसपेशींपुरते’ हे शब्द घातले आहेत.

या लगामामुळे कानाला मोठ्या आवाजापासून काहीसे संरक्षण मिळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. तरीही नऊ रात्री स्पीकरलगत नाचणाऱ्या मुलींना त्याच्या भरवशावर सोडू नये, हे माझे म्हणणे कायम आहे. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवले की मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि चेतातंतू यांच्यामधील अनेक संपर्कस्थाने कायमची नष्ट झाली होती.