पाच लिटरची बादली आणि तीन वाट्या

शाळा-कॉलेजात पर्यावरण विषय शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितलं. शिकवतातही. अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आहे, त्याचा प्रकल्प आहे, आणि प्रकल्पात बहुतेक वेळा ठिबकणाऱ्या नळाचं चित्र. त्याऐवजी पोरांकडून हे करून घ्या.

5 मिलीचा चमचाभर शाई 5 लिटर पाण्याच्या बादलीत टाका. शाई हजारपट पातळ झाली. आता तीन वाट्यांत 45-45 मिली पाणी घ्या. पहिल्या वाटीत चमचाभर शाई टाकून ढवळा, त्यातलं चमचाभर दुसरीत, दुसरीतलं चमचाभर तिसरीत. तिसरी वाटीही हजारपटच पातळ. पाणी गेलं 135 मिली.

भोसरी, सातपूर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत धातूच्या वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवणारी प्लेटिंग शॉप आहेत. त्यांचं गणित हेच आहे. निकेलच्या टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, वर काढला की त्याला चिकटून बाथही, म्हणजे टाकीतलं रसायनही, बाहेर येतं. हा ड्रॅग-आउट धुवावा लागतो. तासाला 1 लिटर ड्रॅग-आउट असेल आणि हजारपट पातळ करायचा असेल, तर एकाच टाकीत तासाला 1000 लिटर पाणी सोडावं लागतं. दोन टाक्या उलट प्रवाहाने जोडल्या तर साधारण 32 लिटर, तीन जोडल्या तर 10. ताजं पाणी शेवटच्या टाकीत येतं आणि ओसंडत पहिल्या टाकीकडे जातं, जॉब त्याच्या उलट दिशेने. शेवटची टाकी दोन-तीन इंच उंच बसवली की पंपही लागत नाही.

तरी बिघडतं. कुणी प्रत्येक टाकीला वेगळा नळ देतो, मग उलट प्रवाह कसला? कुठे पाणी येतं त्याच कोपऱ्यातून वरच्यावर निघून जातं. आणि नळ हातात असला की हेल्पर तो पूर्ण सोडतोच, कारण डाग पडला तर बोलणी त्याला बसतात. पाइपात ठरावीक भोकाची चकती बसवा, वाद मिटतो.

यात एक मेख आहे. उलट प्रवाहाने पाणी वाचतं, धातू नाही. तेवढंच निकेल कमी पाण्यात ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेला, जातं आणि तिथले रसायनांचे डोस नव्याने बसवावे लागतात. धातू वाचतो तो टाकीच्या वरच. जॉब टांगायचा सांगाडा, म्हणजे जिग, दहा सेकंद निथळू द्या, खोलगट जॉब तिरका टांगा, दोन टाक्यांमध्ये बाथकडे उतार असलेला पत्रा टाका. निकेलचा बाथ 55-60 अंशांवर चालतो, रोज पाणी उडतं. ती घट पहिल्या धुण्याच्या पाण्याने भरली की निकेल घरी परत येतं. मात्र धुणं बोअरच्या जड पाण्याचं असेल तर कॅल्शियमही बाथमध्ये जमतं आणि प्लेटिंग खरखरीत येतं. म्हणून क्षार काढलेलं आरओ किंवा डीएम पाणी वापरा. ते परवडत नाही म्हणणाऱ्याने आधी निकेलचं बिल काढून बघावं.

क्रोमच्या धुण्याचं पाणी ईटीपीत शुद्ध करताना होणारी चूक वेगळी. हेक्साव्हॅलंट क्रोम, म्हणजे क्रोमचं विषारी, पिवळं रूप, बाहेर सोडायच्या पाण्यात लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. आधी आम्लाने पीएच 2 ते 3 वर आणायचा, हे रूप बदलणारं मेटाबायसल्फाइट घालायचं, पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की मग चुना घालून पीएच 8-9. घाईत चुना आधी पडला तर मेटाबायसल्फाइट कितीही ओता, पिवळेपणा हटत नाही, आणि तेच पाणी पुढे जातं. गाळ खाली बसलेला दिसतो म्हणून सगळं ठीक वाटतं.

आयटीआयला इलेक्ट्रोप्लेटरचा ट्रेड आहे, पण टाकीवर उभा असणारा बहुतेकदा आयटीआयवाला नसतो. पर्यावरण शिक्षणाचे पैसे मी आधी त्याच्यावर घालीन. पहिल्या दिवशी, त्याला समजेल त्या भाषेत, एवढं तरी: सायनाइड बाथच्या धुण्यात आम्लाचं पाणी मिसळलं तर विषारी वायू सुटतो, माणूस जागीच मरू शकतो. दोन्हींच्या नाल्या वेगळ्या, बादल्यासुद्धा वेगळ्या, लांबून ओळखू येतील अशा रंगांच्या.