डिझायनरने कोडला शिवू नये

आपण इंटरॅक्शन डिझायनर, म्हणजे ॲप कसे दिसेल आणि कसे वागेल हे ठरवणारे, असाल, तर एक सोवळे कटाक्षाने पाळावे: कोडला शिवू नये. फिग्मा या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटी आखाव्यात, त्यांना हलकीशी सावली द्यावी आणि फाइल डेव्हलपरच्या हवाली करून निश्चिंत व्हावे. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी ॲपलमध्ये मॅकपेंट हे चित्रे काढण्याचे आणि पुढे १९८७ मध्ये हायपरकार्ड हे माहितीची कार्डे जोडण्याचे सॉफ्टवेअर केले, त्यांची मांडणीही स्वतः केली आणि प्रोग्राम लिहायलाही स्वतः बसले, हे खरे. पण ते जुन्या काळचे गृहस्थ, त्यांना कामाची वाटणी करायला कोणी शिकवले नसावे.

मराठी ॲपचे काम आले, तर मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर खुशाल वाढवावे. रोमन लिपीत ते शोभतेच. देवनागरीत ब्राउझरने तुमची आज्ञा इमानेइतबारे पाळली की शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि तो दोष अर्थातच फाँटचा. बटणाची उंची नेमकी इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतावी, म्हणजे ओळीबाहेर जाणारा भाग कापला जाऊन रफार उडेल आणि ‘खर्च’ या बटणावर ग्राहकाला ‘खच’ असे वाचायला मिळेल. ब्राउझरमधले ‘इन्स्पेक्ट’, म्हणजे पानामागचा कोड दाखवणारी खिडकी, मात्र चुकूनही उघडू नये. तेथे लाइन-हाइट (ओळीची उंची) १ चे १.६ करून पाहण्याचा मोह होतो, रफार जागच्या जागी परत येतो आणि त्या विषयावर ठरलेली बैठक हकनाक रद्द करावी लागते.

तुमच्या चित्रात नेटवर्कच्या सर्व काड्या नेहमी भरलेल्या असतात आणि ग्राहकाचे नाव दोन सुटसुटीत शब्दांचे असते. स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तिन्ही लिहिणाऱ्या मराठी माणसाने त्यात मावावे कसे, हा त्याच्या घरचा प्रश्न आहे. तुम्ही काढलेला आयत डेव्हलपरने कोडमधला ‘बटन’ हा घटक न वापरता ‘डिव्ह’ या नुसत्या चौकटीने बांधला, तर टॅबची कळ त्यावर थांबत नाही आणि अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही, पण चित्रात तर दोन्ही सारखेच दिसतात, मग तक्रार कशाची? (संपूर्ण ॲप तुम्हीच लिहावे, असे कोणी म्हणतही नाही, तरी तसे म्हटल्याचा कांगावा करावा, तो हमखास उपयोगी पडतो.)

आणि डेव्हलपर ‘हे होणार नाही’ म्हणाला, तर लगेच मान डोलवावी. ते मुळातच होत नाही की शुक्रवारी संध्याकाळी होत नाही, हे एकदा ओळखता येऊ लागले की वाद घालणे भाग पडते.