आरएसए घेताना एकच विचारा: गाडी उचलणार कशी?

गाडीच्या विम्याची पॉलिसी रिन्यू करताना मोबाइलवर शेवटच्या पानावर एक चौकोन येतो. 'रोडसाइड असिस्टन्स', म्हणजेच आरएसए, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत; पुढे काहीशे रुपये. बहुतेक जण तिथे अंगठा टेकवतात आणि विसरतात. मग गाडी पनवेलच्या पुढे बंद पडते तेव्हा कळतं, की आपण घेतलं ते नेमकं काय होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जाहिरातीत पंधरा सेवांची यादी असते: पंक्चर, जंप स्टार्ट (बाहेरच्या बॅटरीने गाडी सुरू करणं), आत राहिलेली चावी, संपलेलं पेट्रोल, टॅक्सी, हॉटेल वगैरे. या यादीवरून प्लॅन निवडू नका. मुंबई-ठाण्यात पंक्चरवाला चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि बॅटरीवाला नवी बॅटरी सोसायटीत येऊन बसवून देतो. पंचाईत होते ती टोइंगची, म्हणजे बंद गाडी ओढून किंवा उचलून नेण्याची. पैसाही तिथेच जातो आणि गाडीला नवीन इजाही तिथेच होते. म्हणून कागदपत्रातलं टोइंगचं कलम तेवढं नीट वाचा.

त्याआधी घरात काय आहे ते बघा. नवी गाडी असेल तर कंपनीची आरएसए वॉरंटीबरोबर बहुधा आलेली असते, एक्स्टेंडेड वॉरंटीबरोबरही येते, आणि वर पॉलिसीतली ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून जोडलेली सोय. म्हणजे एकाच गाडीला दोन-दोन, तीन-तीन. सेकंडहँड गाडी असेल तर उलट तपासा. कंपनीची आरएसए चॅसिस नंबरला जोडलेली असते, पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर आणि फोनवर राहिलेली असते, आणि ऐन वेळी ओटीपी त्याच्याकडे जातो. पॉलिसी तर नावावर करून घ्यायलाच हवी, त्याला १४ दिवसांची मुदत असते.

'माझी फुल इन्शुरन्स आहे' हे वाक्य इथे कामाचं नाही. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत अपघातानंतर गाडी गॅरेजपर्यंत न्यायला १५०० रुपयांपर्यंत मिळतात, पण ते अपघातासाठी. यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत सरळ वगळलेला असतो. क्लच गेला, अल्टरनेटर गेला, टायमिंग बेल्ट तुटला, तर पॉलिसी हात वर करते. गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरती ती फट आरएसए भरून काढते. आणि नुसती थर्ड पार्टी असेल तर ॲड-ऑनचा चौकोन साधारणपणे दिसतच नाही. मग वेगळा प्लॅन किंवा क्लब. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी १९१९ पासूनची संस्था आहे, नवे ॲपवालेही आहेत. कुणाकडेही गेलात तरी विचारायचे प्रश्न तेच.

कारण आतली गोष्ट अशी, की तुमचा फोन ज्या नावाला लागतो ती कंपनी क्रेन पाळत नाही. विमा कंपनी किंवा गाडीची कंपनी हे काम असिस्टन्स कंपनीला देते, ती तुमच्या भागातल्या क्रेनवाल्या व्हेंडरला. तो कळंबोलीचा, नाहीतर भिवंडीचा. तीन वेगळ्या नावांचे प्लॅन घेतले तरी दारात एकच ट्रक उभा राहू शकतो. तेव्हा मोठ्या नावाला भुलून जास्त पैसे देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता ट्रक. इथे नीट लक्ष द्या.

बंद गाडी न्यायचे तीन प्रकार आपल्याकडे चालतात. पहिला टोचन: दोरी नाहीतर रॉड बांधून ओढणं. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. घाटात हा प्रकार करूच नये. दुसरा अंडरलिफ्ट: पुढची किंवा मागची दोन चाकं उचलायची, बाकी दोन रस्त्यावर फिरत जातात. तिसरा फ्लॅटबेड: गाडी सगळीच ट्रकच्या पाठीवर.

अंडरलिफ्ट वाईट नाही. साध्या मॅन्युअल हॅचबॅकला पुढची चाकं ओढतात; ती उचलली, हँडब्रेक सोडला, मागची चाकं फिरत गेली, झालं काम. पण इको, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा यांना मागची चाकं ओढतात. त्यांचं पुढचं तोंड उचलून नेलं की मागून प्रॉपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा आतला भाग फिरत राहतो. ऑटोमॅटिकचा प्रश्न आणखी गंभीर. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलाशिवाय घासतायत. दहा-वीस किलोमीटरमध्ये गिअरबॉक्सचं बिल टोइंगच्या कित्येक पट होऊ शकतं. फोर-व्हील ड्राइव्हला चारही चाकं वर हवीत. इलेक्ट्रिक गाडीलाही तसंच, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करते.

म्हणून प्लॅन घेताना कस्टमर केअरला सरळ विचारा: 'माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. फ्लॅटबेड येणार हे तुमच्या अटींत लिहिलंय का, की उपलब्ध असेल तर?' 'उपलब्धतेनुसार' असं उत्तर आलं, की समजा अंडरलिफ्ट येणार. ईमेलवर उत्तर मागा. तोंडी आश्वासनाचा रात्री दोन वाजता उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न खास मुंबईचा, जो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो: बेसमेंट. गाडी पुष्कळदा घरीच बंद पडते, कारण बरेच दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते. बेसमेंटच्या तोंडाशी '२.१ मी.' अशी पाटी असते. फ्लॅटबेड आत जाणं शक्यच नाही. गाडी वर रॅम्पपर्यंत आणायची कशी? मॅन्युअल असेल तर न्यूट्रल करून चार वॉचमन ढकलतील. ऑटोमॅटिक 'पी'मध्ये असेल तर गिअर लिव्हरच्या शेजारी बहुधा एक छोटं झाकण असतं, त्याखाली शिफ्ट लॉक (लिव्हर 'पी'मध्ये अडकवून ठेवणारं कुलूप) सोडायचं बटण. त्याची जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल आणि बॅटरी पूर्ण बसलेली असेल, तर मागची चाकं जाम. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी गाडी) गिअरमध्ये बंद झाली असेल तर बॅटरीशिवाय न्यूट्रल लागत नाही. अशा वेळी चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या लागतात, आणि त्या प्रत्येक व्हेंडरकडे नसतात.

स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवतात तिथे, तर आणखी गंमत. गाडी वरच्या पाळण्यात, बॅटरी शून्य. शेजारी दुसरी गाडी लावून केबल जोडायला जागाच नाही. तिथे हातात धरायचा पोर्टेबल बूस्टर हवा. खालचा शेजारी ऑफिसला निघालाय आणि तुमची गाडी अडकलीय, हे दृश्य नव्या टॉवरमध्ये नवं नाही. विचारा: 'बेसमेंटमधून गाडी बाहेर काढणं टोइंगमध्ये धरता की वेगळं बिल?' बहुतेक अटींत 'ओढून काढणे' आणि 'वाहून नेणे' ही दोन वेगळी कामं असतात. गोराईच्या वाळूत रुतलेली गाडी, चरात गेलेलं चाक, हे पहिल्या प्रकारात येतं आणि पुष्कळ प्लॅनमध्ये ते वगळलेलं असतं.

आता किलोमीटर. प्लॅनवर '५० किमीपर्यंत मोफत' लिहिलेलं असतं. हे ५० कुठून मोजायचे? गाडी जिथे बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत, की ट्रक त्याच्या अड्ड्यावरून निघाला तिथपासून, परतीसकट? फरक बघा. लोणावळ्यात गाडी बंद पडली आणि ठाण्याला आणायची, तर साधारण ७५ किलोमीटर. एकेरी मोजलं तर २५ किलोमीटरचे पैसे. समजा जादा दर ४० रुपये, तर हजार रुपये. जाऊन-येऊन धरलं तर १५०तले ५० वजा, १०० गुणिले ४०, चार हजार. तोच प्लॅन, तोच ट्रक. शिवाय टोल बहुधा तुमच्या खिशातून.

'जवळचं अधिकृत वर्कशॉप' हे शब्दही तपासा. काही प्लॅन गाडी तिथेच नेतात. तुमच्या ओळखीच्या कुर्ल्याच्या मेकॅनिककडे न्यायची तर पूर्ण बिल तुमचं. शनिवारी रात्री गाडी बंद पडली तर वर्कशॉप सोमवारी उघडणार. मधल्या दोन रात्री आणि एक दिवस गाडी व्हेंडरच्या यार्डात. यार्डाचं भाडं कुणाचं, आणि प्लॅनमध्ये वर्षाला समजा चारच सेवा असतील, तर सोमवारी यार्डातून वर्कशॉपला नेणं ही त्यांतली दुसरी सेवा धरणार का? हा प्रश्न विचारला की फोनवरचा माणूस 'सर, एक मिनिट होल्ड करा' म्हणतो. करा होल्ड.

नव्याने घेतलेला वेगळा प्लॅन पुष्कळदा पहिले काही दिवस लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या. गाडी बंद पडल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून ॲपवरून घेणाऱ्यांसाठीच तो नियम केलाय.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. तसा दिवस पुन्हा आला तर कुठलाही प्लॅन तासाभरात पोचणार नाही. अटींतही नैसर्गिक आपत्तीचं कलम असतंच, तेव्हा त्याबद्दल कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका. हिंदमाताला किंवा मिलन सबवेजवळ पाण्यात गाडी बंद पडली तर एकच गोष्ट करायची: पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर मारलेल्या सेल्फने झालेलं नुकसान विमावाले 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ही वेगळी ॲड-ऑन असते. मुंबईत राहणाऱ्याने आरएसए आणि इंजिन प्रोटेक्ट यांतली एकच घ्यायची ठरवली, तर मी इंजिन प्रोटेक्ट घ्या म्हणेन.

सीएनजीवाल्यांसाठी: संपलेलं पेट्रोल आणून देणारी सेवा तुम्हाला निरुपयोगी, सीएनजी कॅनमध्ये येत नाही. पेट्रोलच्या टाकीत पाच लिटर कायम ठेवा. इलेक्ट्रिकवाल्यांनी विचारा, की चार्ज संपणं बिघाडात धरतात का, आणि गाडी चार्जरपर्यंत नेणार की वर्कशॉपला. त्यांची छोटी १२ व्होल्टची बॅटरी बसली तरी गाडी उघडत नाही, सुरू होत नाही. तिला मात्र जंप देता येतो.

काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते. २०२०च्या नियमबदलानंतर टायर प्रेशर मॉनिटर आणि दुरुस्ती किट दिलं तर कंपनीला ती वगळता येते. किटमधला द्रव खिळ्याच्या भोकाला चालतो; खड्ड्यात टायरची कड फाटली तर नाही. मग पंक्चर हीसुद्धा टोइंगचीच केस. अलॉय व्हीलला चोरीपासून लॉक नट असेल तर त्याची चावी गाडीतच ठेवा. घरच्या ड्रॉवरमध्ये असेल तर मदतनीस जॅक लावून नुसता उभा राहतो.

फोन करताना जागा सांगणं ही एक कलाच आहे. कॉल घेणारा दुसऱ्या शहरात बसलेला असतो. 'लालबागला आहे' याने त्याला काही कळत नाही, आणि जीपीएस फ्लायओव्हरवर की खाली हे सांगत नाही. पुलावर असाल तर 'पुलावर, सीएसएमटीकडे जाणारी बाजू' असं म्हणा. कोस्टल रोडच्या बोगद्यात तर जीपीएसचा भरवसाच नाही. एक्स्प्रेसवेवर कडेचा किलोमीटर आकडा आणि 'मुंबईकडे' की 'पुण्याकडे' हे दोन्ही सांगा. अशा बंदिस्त रस्त्यांवर आधी रस्त्याच्याच हेल्पलाइनला फोन लावा. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा नंबर. एक्स्प्रेसवे आणि सी लिंक एमएसआरडीसीचे, अटल सेतू एमएमआरडीएचा, कोस्टल रोड महापालिकेचा. त्यांचे नंबर वेगळे, पाट्यांवर लिहिलेले असतात. आणि थांबलात तर गाडीत बसून वाट बघू नका. चारही इंडिकेटर चालू, त्रिकोण मागे ५० मीटरवर, माणसं डाव्या बाजूने उतरून रेलिंगपलीकडे.

ट्रक आला की घाई करू नका. गाडी वर चढवण्याआधी चारही बाजूंचे, चारही चाकांचे आणि किलोमीटर आकड्याचे फोटो काढा. टो हुक टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं चौकोनी झाकण काढून तो आत फिरवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. बसत नाही म्हणून जोर लावू नका, दुसरीकडे फिरवून बघा. साखळी सस्पेन्शनच्या आर्मला अडकवायला लागले तर थांबवा. पट्टे चाकांवरून आवळायचे. पाकीट आणि घराची किल्ली काढून घ्या, ड्रायव्हरचा नंबर आणि ट्रकच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या, आणि पावतीवर उतरवायची जागा लिहिल्याशिवाय सही करू नका.